एक बॉम्बफेकी स्क्वाड्रन, एक मराठा पलटण: बेळगावात दोघांची आठवण कुठे काढायची

बेळगावला माणसं कुंद्यासाठी येतात, किल्ला बघायला येतात, नाहीतर गोव्याच्या वाटेवर मुक्काम करतात. मी निपाणीहून सकाळच्या गाडीनं गेलो ते १९४४ साली लढलेल्या दोन तुकड्यांसाठी. पहिली भारतीय हवाई दलाची ७ नंबरची स्क्वाड्रन आणि दुसरी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण. दुसऱ्या महायुद्धात मणिपुरातल्या इम्फाळला जपान्यांशी झालेल्या लढाईत एक आभाळातून लढली, दुसरी डोंगरावरून. पलटणीचं नाव आमच्या भागात घरोघर घेतलं जातं. खानापूर-चिक्कोडीकडं ज्या घराच्या भिंतीवर जुना गणवेशातला फोटो नाही असं घर शोधावं लागेल. पण त्याच डोंगरांवर विमान घेऊन गेलेल्या आणि परत न आलेल्या पोरांबद्दल मी इथं कुणाला बोलताना ऐकलेलं नाही. दोघांची आठवण एकत्र निघाली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी बेळगावासारखी जागा नाही, कारण इथं छावणीही आहे आणि धावपट्टीही.

आधी सांबऱ्याला, बेळगावच्या विमानतळाकडं जा. शहरापासून साधारण दहा किलोमीटर, बागलकोट रस्त्यावर. मध्यवर्ती बसस्थानकावरून बस मिळते. रिक्षानं जाणार असाल तर परतीचं भाडं आधीच ठरवून घ्या. हा विमानतळ १९४२ चा. जपान ब्रह्मदेशात शिरल्यावर ब्रिटिशांनी देशभर धावपट्ट्यांचा सपाटा लावला, त्यातली ही एक. आज प्रवासी विमानं उतरतात ती त्याच जागी. शेजारी हवाई दलाचं ठाणं आहे, तिथं एअरमन ट्रेनिंग स्कूल चालतं. ठाण्यात बाहेरच्याला प्रवेश नाही आणि कुंपणाकडं कॅमेरा किंवा मोबाइल रोखायचा नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. गावच्या बाजूनं शिवारात उभं राहिलं की पुरे. माळ सपाट आहे, वारं भरपूर आहे, आणि लाल माती बुटाला चिकटते. मी उभा होतो तेवढ्यात बांधावरून एक म्हातारबाबा आले. ‘कोण पाहुणं? कुठनं आलासा?’ म्हणाले. मी सांगितलं तेव्हा त्यांनी गोवा मुक्तीच्या वेळची गोष्ट काढली. डिसेंबर १९६१ मध्ये सांबऱ्यावर हंटर विमानं होती. पुण्याहून उडालेल्या कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी १८ डिसेंबरला दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. त्यांच्या पिढीला ते लख्ख आठवतं. १९४४ मात्र त्यांच्याही पलीकडचं.

७ नंबरच्या स्क्वाड्रनचा जन्म सांबऱ्याचा नाही. ती डिसेंबर १९४२ मध्ये विशाखापट्टणमला उभी राहिली. स्क्वाड्रन लीडर हेम चौधरी तिचे पहिले प्रमुख. तिच्याबरोबरच ८ नंबरची उभी राहिली. दोघींना मिळालं अमेरिकन ‘व्हेंजन्स’ विमान. हे खरं डाइव्ह-बॉम्बर. आत दोघंच, पुढं वैमानिक आणि पाठीमागं तोंड करून मशीनगन सांभाळणारा त्याचा साथीदार. दहा-बारा हजार फुटांवर लक्ष्याच्या माथ्यावर पोचायचं, एकेकानं पंखावर कलायचं आणि जवळजवळ सरळ उभं खाली यायचं. पट्ट्यात लटकलेलं शरीर, समोर काचेत फक्त जंगल, आणि बॉम्ब सुटेपर्यंत हात स्थिर. मग विमान सरळ करताना अंगावर इतका भार येतो की डोळ्यांपुढं अंधारी येते. हे दिवसातून एकदा नाही, कधी दोनदाही. असा बॉम्ब नेमका पडायचा म्हणून पायदळाला ही विमानं हवी असायची. जंगलात लपलेलं जपानी ठाणं, पूल, रसद असल्या लक्ष्यांवर पसरट बॉम्बफेकीचा उपयोग नव्हता.

१९४४ च्या वसंतात ७ नंबरची आसामात सिल्चरजवळच्या उदरबंदहून लढली, ८ नंबरची ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावर, आराकानात. विमानाच्या इंजिनाची तक्रार सुरुवातीपासून होती. ते तापायचं, तेल गळायचं. त्यात मणिपूरच्या डोंगरांवरचे ढग आणि पुढं पावसाळा. शत्रूच्या गोळीइतकाच घात हवेनं आणि इंजिनानं केला. जंगलात विमान पडलं की त्या दोघांचा पत्ता लागणं कठीण. पुढं याच स्क्वाड्रनची सूत्रं पी. सी. लाल यांच्याकडं आली. १९७१ च्या युद्धात हवाई दलाचे प्रमुख होते ते हेच लाल. बांगलादेशच्या विजयाचं नाव घेताना त्यांचा उल्लेख होतो, उदरबंदचा होत नाही. मला ते खुपतं. ब्रह्मदेशातल्या कामगिरीबद्दल १९४५ मध्ये भारतीय हवाई दलाला ‘रॉयल’ ही पदवी मिळाली, त्या सन्मानात या दोघा-दोघांच्या चमूंचा वाटा मोठा आहे.

सांबऱ्याहून परत शहरात या आणि कॅम्पात जा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथं आहे. संग्रहालय आणि शर्कत युद्धस्मारक दोन्ही लष्करी आवारात आहेत, त्यामुळं सरळ आत शिरता येत नाही. जाण्याच्या आधी परवानगीची चौकशी करा, आधारकार्ड मूळ प्रत बरोबर ठेवा, आणि ओळखीचे कुणी माजी सैनिक असतील तर त्यांना बरोबर घ्या. गेटवरच्या जवानाशी मराठीतच बोला. पुढचं सगळं सोपं होतं. कसम परेडच्या, म्हणजे नव्या जवानांच्या शपथेच्या सुमारास पोरांचे आईबाप गावोगावहून आलेले असतात, गर्दी फार होते. तो सोहळा बघायचा नसेल तर तो दिवस टाळा.

शर्कत म्हणजे इराकातलं गाव. ऑक्टोबर १९१८ मध्ये तिथं ११४ व्या मराठा पलटणीनं मोठा पराक्रम केला. पुढं हीच पलटण बेळगावची प्रशिक्षण पलटण झाली, म्हणून तिचा मान इथं वेगळा. दुसऱ्या महायुद्धातले दोन व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक), नाईक यशवंत घाडगे (१९४४) आणि शिपाई नामदेव जाधव (१९४५), दोन्ही इटलीतले. त्यांच्याबद्दल सगळे सांगतातच. तुम्ही सांगशाकबद्दल विचारा.

सांगशाक हे मणिपुरातलं उखरूलच्या बाजूचं नागा गाव. मार्च १९४४ मध्ये जपानी फौज अपेक्षेपेक्षा लवकर आणि मोठ्या संख्येनं तिथं धडकली. समोर होती ५० वी पॅराशूट ब्रिगेड आणि तिच्या जोडीला आपली चौथी पलटण. डोंगराच्या माथ्यावर थोडं खणलं की खडक लागायचा, म्हणून खंदक उथळ. काटेरी तार नाही. पाण्याचा झरा ठाण्याच्या आत नाही. विमानातून पॅराशूटनं टाकलेली रसद बरीचशी जपान्यांच्या हद्दीत पडायची, आणि आपली माणसं ती डोळ्यांनी बघायची. मेलेली खेचरं तिथंच कुजत होती. अशा जागी दिवसरात्र हातघाई चालली, आणि २६ मार्चच्या रात्री उरलेले जखमींना घेऊन जंगलातून बाहेर पडले. त्या दिवसांनी इम्फाळ आणि कोहिमाला तयारीला वेळ मिळवून दिला. कॅम्पाबाहेर चहाच्या टपरीवर एका निवृत्त हवालदारांशी बोलणं झालं. त्यांनी कप खाली ठेवला आणि एवढंच म्हणाले, ‘पाण्याविना लढलीत ती पोरं, सर.’

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहितोय ती. सांगशाकच्या आसपास पडलेल्या आणि ज्यांची समाधी सापडत नाही अशा पायदळातल्या जवानांची नावं बघायची तर ब्रह्मदेशात ताउक्यानला रंगून स्मारकाकडं जावं लागतं. तिथं सुमारे २७,००० नावं आहेत. त्याच मोहिमेत नाहीशा झालेल्या वैमानिकांची नावं सिंगापूरला क्रांजीच्या स्मारकावर कोरलेली आहेत. एका डोंगरावरचे आणि त्याच डोंगरावरच्या आभाळातले, आणि नावं दोन देशांत. आपल्यातल्या किती जणांना तिथं जाता येणार?

म्हणून घरी बसून करायचं काम सांगतो. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी इंटरनेटवर फुकट बघता येते. नावानं शोधा, नसेल माहीत तर पलटणीच्या नावानं शोधा. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. जिल्हा ‘बेळगाव’ हा त्या काळच्या इंग्रजी स्पेलिंगनं टाकायचा, आजच्या ‘बेळगावी’च्या नाही. चिक्कोडी, खानापूर, निपाणी यांची स्पेलिंगं दोन-तीन तऱ्हांनी बदलून बघा. ‘मराठा’च्या जुन्या स्पेलिंगमध्ये ‘एच’ ‘आर’च्या आधी येतो आणि ‘टी’ दोनदा (Mahratta), तसंच घाला. वैमानिकांसाठी शोध भारतीय हवाई दलापुरता ठेवा आणि साल १९४४ ठेवा. यादी लांब नाही. एका बैठकीत सगळी नावं वाचून होतात. मोठ्यानं वाचली तर फार बरं.

पुण्याकडून येणाऱ्यांनी वाटेत खडकीचं युद्ध कब्रस्तान जरूर करावं. पश्चिम आणि मध्य भारतातल्या ज्या कबरींची कायमची देखभाल होणं शक्य नव्हतं, त्या तिथं हलवल्या. विमान पडलं की आतला चमू एकाच दिवशी जातो, त्यामुळं गरुडाचं चिन्ह असलेल्या दगडांवरच्या तारखा ओळीनं वाचत चला.

बाकी सोय सांगायची तर पावसाळ्यात जाऊ नका, बेळगावचा पाऊस छत्रीला दाद देत नाही. दसऱ्यानंतर ते फेब्रुवारीपर्यंत हवा उत्तम. मुक्काम बसस्थानकाजवळ केला तर दोन्ही ठिकाणं सोयीची पडतात. कॅम्पातलं काम दुपारच्या जेवणाआधी उरका. आणि गावी परतल्यावर यादीत आपल्या गावचं नाव सापडलं तर ते वहीत नोंदीच्या क्रमांकासकट उतरवून घ्या, त्या घरी जाऊन दाखवा. पेन्शनचं जुनं पुस्तक, एखादं पदक, रजेच्या पासाचा तुकडा असं काही निघालं तर त्याचा फोटो काढा, पण वस्तू घरच्यांकडंच राहू द्या.