कॉन्टेसाला आले चांगले दिवस

हल्ली आमच्या जळगाव-भुसावळकडच्या लग्नांत नवरदेवासाठी जुनी पांढरी कॉन्टेसा सजवून आणली, की डीजेपेक्षा जास्त गर्दी तिच्याभोवती होते. २००२ मध्ये ही गाडी बनणं बंद झालं तेव्हा जन्मलीही नव्हती अशी पोरं बॉनेटला टेकून रील काढतात. मांडवात बसलेली साठीतली मंडळी म्हणतात, "काय रुबाब होता भो तिचा!" मला हसू येतं. याच पिढीच्या तोंडून लहानपणी मी ऐकलेलं ते वेगळंच होतं: "दारमा हत्ती बांधाना शे का?" म्हणजे, दारात हत्ती बांधायचाय का?

नावं ठेवायला कारण होतं, नाही असं नाही. हिंदुस्थान मोटर्सनं १९८४ मध्ये कॉन्टेसा आणली तेव्हा तिचं अंग विलायतेतल्या व्हॉक्सहॉलचं आणि काळीज आपल्या ॲम्बॅसेडरचं होतं. तेच दीड लिटरचं इंजिन, पन्नासेक अश्वशक्ती, चार गिअर. एवढं लांबरुंद धूड ओढताना ते मेटाकुटीला यायचं. चाळीसगावहून कन्नड घाट चढायला लागलं की मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव नकोसा करायचे. त्यात नेमकी मारुती ८०० तेव्हाच रस्त्यावर आलेली, घोटभर पेट्रोलवर पळणारी. कापूस विकून आलेला पैसा टाकीत ओतायचा, हे इकडच्या हिशेबी माणसाला कुठून पटणार? त्यामुळे कॉन्टेसा राहिली जिनिंगवाल्या शेठजींची, पुढाऱ्यांची आणि हिंदी सिनेमातल्या खलनायकांची.

गंमत पुढेच आहे. नंतर तिच्यात इसुझू या जपानी कंपनीचं १.८ लिटरचं इंजिन आलं, पाचवा गिअर आला, आणि तीच गाडी घाटात बिनतक्रार चढू लागली. पण एकदा पडलेलं नाव पडलंच. बदललेली गाडी कुणी चालवून बघितली नाही. 'पेट्रोल पिते' हे सगळ्यांना पाठ होतं, तेवढं पुरे होतं. आणि खरं सांगू? आत्ताचं कौतुकही तसंच आहे, न चालवता केलेलं.

तिचा खरा गुण ना शिव्या देणाऱ्यांनी सांगितला, ना रीलवाल्यांना दिसतो. तो मागच्या सीटवर आहे. आमच्या ओळखीतल्या एका शेठजींच्या गाडीत मी बसलो आहे. मागे तीन धिप्पाड माणसं, त्यांच्या मांडीवर पोरं, डिकीत बामणोदची भरताची पोतंभर वांगी, आणि खाली धुळे-जळगाव रस्त्याचे खड्डे. गाडी आदळायची नाही, नुसती डुलायची. मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे गेला की रेक्झिनची सीट मांड्या भाजायची, म्हणून सीटवर कायम ओला पंचा पसरलेला. त्या डुलण्यात एरंडोल यायच्या आत आजोबा घोरायला लागायचे. असली झोप आताच्या कुठल्या एसयूव्हीत लागत असेल तर सांगा.

पुढे त्या गाड्या वजनावर भंगारात गेल्या, म्हणून आज उरलेल्यांचा भाव चढलाय. साधी टेललॅम्पची काच हवी तर दहा ठिकाणी फोन फिरवावे लागतात. सरकारदरबारी मात्र ती अजून कुणीच नाही. केंद्राच्या नियमानं 'व्हिंटेज' म्हणवून घ्यायला पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे सगळ्यात थोरल्या कॉन्टेसालाही २०३४ उजाडावं लागणार. तोवर दर पाच वर्षांनी आरटीओच्या दारात उभं राहायचं, पर्यावरण कर भरायचा.

तरीही घ्यायचीच असेल, तर इसुझूवाली शोधा. पायाखालचे पत्रे गंजलेत का, ते मॅटिंग उचलून बघा. आणि गाडी साडेचार मीटरच्या वर लांब आहे, तेव्हा बयाणा देण्याआधी घरचं अंगण मोजून घ्या.