तुम्ही विचारलंत म्हणून: लायसन्स मिळालं, आता गाडी द्यायची का?

मी गाडी शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न आईवडील हमखास विचारतात. तोही बहुतेकदा मुलाच्या देखत. मूल तेव्हा माझ्याकडे असं बघत असतं की 'हो' सोडून दुसरं काही बोलायची हिंमत होऊ नये. माझं उत्तर ठरलेलं आहे: द्या, पण एकदम सगळी देऊ नका.

या वयात हात पटकन बसतो. क्लच, गिअर, मागे घेणं हे सगळं मुलं आपल्यापेक्षा लवकर उचलतात आणि आईवडील नेमके तिथेच फसतात. नजर बसायला मात्र फार वेळ लागतो. माझ्याकडे एक मुलगा होता. कितीही अडचणीच्या जागेत गाडी लावायची, तर एका दमात लावायचा. एकदा कडेला ट्रक उभा होता आणि त्याच्या खालून पलीकडे चालणारे दोन पाय दिसत होते. गडी त्याच वेगात निघाला. ब्रेक मी दाबला. (शिकवायच्या गाडीत तो माझ्याही पायाशी असतो, तुमच्या गाडीत नसतो.) वैतागून म्हणाला, "ट्रक तर उभाच होता की!" ट्रक त्याने पाहिला होता. पाय पाहिले नव्हते.

म्हणून शेजारी बसाल तेव्हा मुलाला बोलायला लावा. समोर जे दिसेल ते मोठ्याने सांगत गाडी चालवायची. "पुढच्याचे ब्रेकलाइट लागले. कडेची सायकल डगमगतेय. त्या उभ्या गाडीत माणूस बसलाय, दार उघडेल." पहिली पाच मिनिटं मुलं लाजतात, मग रंगतात. जे बोललं नाही ते दिसलंच नाही असं समजून चाला.

आणि ओरडू नका. सुरुवातीच्या काळात मी एका मुलीवर "अगं ब्रेक!" म्हणून खेकसलो, तर ती रस्ता सोडून माझ्याचकडे बघत राहिली. वेग कमी होता म्हणून निभावलं. ताशी 60 किलोमीटरच्या वेगात दोन सेकंद नजर हटली की गाडी साधारण 33 मीटर पुढे गेलेली असते. तेव्हापासून सांगायचं ते मी आधी सांगतो, शांतपणे.

आता लायसन्सनंतरचं. शेजारी मोठं माणूस बसलेलं असतं तोवर नवशिक्यांचे अपघात कमी होतात. एकट्याने चालवायला लागल्यावरचे पहिले काही महिने सगळ्यात वाईट. रात्र असेल तर धोका वाढतो, गाडीत मित्र भरले की आणखी वाढतो. न्यूझीलंडने 1987 मध्ये हे ओळखून परवानाच टप्प्याटप्प्याने द्यायला सुरुवात केली: आधी जाणत्या माणसाबरोबर, मग एकट्याने पण रात्री 10 ते पहाटे 5 सोडून आणि सोबत कोणाला बसवायचं यावर बंधन ठेवून, मग पूर्ण मोकळीक. पुढे बऱ्याच देशांनी तसंच केलं. तुमच्याकडे कायदा असो-नसो, घरात हे करायला कोणाची परवानगी लागते? आधी दिवसा, ओळखीच्या रस्त्यावर. मग पावसात, पण तुम्ही शेजारी बसून. मग रात्री. मित्र सगळ्यात शेवटी. "बघू किती पळते" हे वाक्य मागच्या सीटवरून येतं, आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर गाडी चौपट अंतरावर थांबते, हे मागच्या सीटला माहीत नसतं.

फोनबद्दल मी मुलांना फारसं बोलत नाही. एका वडिलांनी मला "त्याला फोनवरून जरा दम द्या" म्हणून सांगितलं. सांगितलं ते गाडी चालवता चालवता, फोनवरून. पोरगं इतकी वर्षं मागे बसून काय शिकलं असेल?

एका आईचा करार मला आवडला. थकलास, प्यायलास, किंवा चालवणारा प्यायलेला असेल, तर कितीही वाजता फोन कर. मी न्यायला येईन, त्या रात्री एक प्रश्न विचारणार नाही. वर्षभरात एकदा फोन आला, रात्री दीडला. येताना वाटभर तोंडातून शब्द काढला नाही म्हणाली. सकाळी मात्र सगळं वसूल केलं.