वाढत्या मापाचे स्केट घेऊ नका

शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा, बूट एक नंबर मोठे, स्वेटर पुढच्या थंडीतही यावा असा. आपण सगळे असेच वाढलो आणि त्यात वावगं काहीच नव्हतं. पण आइस हॉकीच्या स्केटना हा हिशेब लावू नका, हे मी दुकानात दर शनिवारी कुणाला ना कुणाला सांगत असते. इथे नव्याने आलेल्या मराठी घरांना उपयोग व्हावा म्हणून आज ते सविस्तर लिहायला घेतलंय.

मी कॅनडात, ऑन्टारिओतल्या किचनरमध्ये राहते. सोमवार ते शुक्रवार माझी नोकरी वेगळी. शनिवार-रविवार मी एका हॉकीच्या दुकानात स्केट बसवून देण्याचं काम करते. बाउअर ही स्केटची कंपनी याच गावात १९२७ साली सुरू झाली, तीही बूट बनवणाऱ्या कारखान्यातून. त्याआधी बूट एकीकडून घ्यायचा, ब्लेड दुसरीकडून, आणि ती बुटाला लावून घ्यायची, अशी पद्धत होती. बाउअरने ब्लेड कायमची जोडलेला बूट विकायला सुरुवात केली. कंपनीचं मुख्य ऑफिस आता अमेरिकेत आहे, पण बुटाला पहिला मान देण्याची सवय इथल्या जुन्या लोकांत टिकून आहे. मला ज्यांनी हे काम शिकवलं ते आजोबा गिऱ्हाईक आलं की नंबर विचारायच्या आधी पाऊल हातात घेऊन बघत. चवडा किती रुंद, टाच किती निमुळती, पायाची कमान उंच की सपाट. मीही तसंच करते.

आता वाढत्या मापाने काय होतं ते सांगते. चालताना बूट थोडा सैल असला तर फार बिघडत नाही, कारण खाली जमीन सपाट असते. बर्फावर तुम्ही जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या पट्टीवर उभे असता, आणि तिच्याही एका कडेवर झुकून वळायचं असतं. पाऊल वळलं की त्याच क्षणी ब्लेड वळली पाहिजे. सैल बुटात पाऊल आधी आतल्या आत सरकतं, टाच उचलली जाते, आणि मग उशिराने बूट हलतो. मूल तोल सावरायला घोटे आत पाडून उभं राहतं. रिंकच्या काचेबाहेरून आई-बाबा ते बघतात आणि म्हणतात, ‘याचे घोटेच नाजूक आहेत.’

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: स्केट कुठल्या नंबरचे आहेत? मागच्या मोसमात एक वहिनी आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी रडवेली, बर्फावर जायचंच नाही म्हणत होती. आजीने साताऱ्याहून विणून पाठवलेले लोकरीचे जाड मोजे, त्यावर आणखी एक मोजा, आणि दोन नंबर मोठे स्केट. मी मोजे उतरवायला सांगितले, पाऊल मोजलं, एका पातळ मोज्यावर बरोबर मापाची जोडी चढवली आणि रबरी चटईवर तिला उभी केली. घोटे सरळ! त्या घोट्यांना काहीही झालेलं नव्हतं. आजीच्या मोज्यांबद्दल मला आदरच आहे, घरात रोज घाला. पण स्केटमध्ये जाड मोजा घसरतो, घामाने ओला होतो, आणि बूट आवळून रक्त नीट फिरलं नाही की पाय उलट जास्त गार पडतात.

मापाचा गोंधळ आपल्याकडे जरा जास्त होतो, कारण भारतातले नंबर ब्रिटिश पद्धतीचे असतात. पुण्यात आठ नंबरचा बूट घालणारा माणूस इथल्या दुकानात साधारण नऊ नंबरचा होतो. आणि हॉकीचे स्केट इथल्या बुटापेक्षा एक ते दीड नंबरने लहान घ्यायचे असतात, म्हणजे तो पुन्हा साडेसात-आठवर येतो. काही दादा लोक नऊ ऐकून नऊचे स्केट ऑनलाइन मागवतात आणि अख्खा मोसम त्यात पाय हिंदकळवत काढतात. बायकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची: हॉकीच्या स्केटचे नंबर बहुतेक पुरुषांच्या मापाने असतात, त्यामुळे इथल्या लेडीज बुटाच्या नंबरातून आणखी दीडेक नंबर कमी करावा लागतो. नंबर ही फक्त सुरुवात आहे. पाऊल उभं राहून मोजा, दोन्ही मोजा, आणि शक्यतो संध्याकाळी मोजा, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. दुकानात धातूच्या सरकपट्टीचं जे मोजमापाचं यंत्र असतं ते ब्रॅनॉक. चार्ल्स ब्रॅनॉक नावाच्या माणसाने ते न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजमध्ये १९२०च्या दशकात तयार केलं, आणि त्याहून सोयीचं काही मी अजून पाहिलेलं नाही.

घालायची पद्धत महत्त्वाची आहे. लेस खालपर्यंत सैल करा, जीभ पुढे ओढा, पाय आत घाला आणि टाच मागे जमिनीवर दोन-तीनदा ठोका. टाच मागच्या खोबणीत बसली की मगच लेस आवळायला घ्या. बसल्या बसल्या बोटं पुढे टोचतात म्हणून पुष्कळ लोक तिथेच ‘लहान होतंय’ म्हणून काढायला लागतात. थांबा. उभे राहा. सरळ उभं असताना बोटांची टोकं पुढच्या टोपीला नुसती चाटून गेली पाहिजेत. मग खेळताना उभे राहता तसे गुडघे वाका. टाच मागे रेटली जाते आणि बोटं किंचित सुटतात. तेच बरोबर माप. वाकल्यावरही बोटं दुमडलेली राहिली तर लहान, आणि सरळ उभं असतानाही बोटांना पुढे काही लागलंच नाही तर मोठं.

टाचेवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. चवड्यावर उभं राहून बघा, टाच वर सरकते का? अगदी थोडीसुद्धा सरकत असेल तर बर्फावर ती कित्येक पटींनी सरकणार. मग तिथे फोड येतात, आणि काही वर्षं तशीच गेली की टाचेच्या मागे हाडाचा टणक गोळा वाढतो. माझ्या रात्रीच्या लीगमध्ये असा गोळा असलेल्या दोघी आहेत. चेंज रूममध्ये त्या कापूस आणि चिकटपट्टी लावत बसतात तेव्हा मला वाटतं, कुणीतरी शाळेच्या वयातच यांच्या टाचेकडे बघायला हवं होतं.

बूट किती खोल आहे याची परीक्षा पेन्सिलने होते. लेस न बांधता पाय आत ठेवा, टाच मागे घ्या, जीभ पुढे ओढा आणि वरून तिसऱ्या भोकांच्या जोडीवर पेन्सिल आडवी टेकवा. ती दोन्ही काठांना सपाट टेकली तर खोली पुरेशी आहे. मध्ये पावलालाच अडून वर राहिली तर बूट उथळ आहे, आणि मग लेस नेमकी घोट्याच्या पुढच्या शिरेवर रुतणार. हे दुखणं एकदा लागलं की सहज जात नाही.

रुंदीबद्दल माझं एक निरीक्षण सांगते. दुकानात आपल्याकडची जी मोठी माणसं येतात, त्यांच्यात लहानपण चपलेत किंवा अनवाणी गेलेल्यांचा चवडा बहुधा पसरट असतो आणि टाच मात्र निमुळती. असे लोक चवडा दुखतो म्हणून सरळ सगळ्यात रुंद बूट घेतात, आणि टाच सुटते. पूर्वी रुंदी डी आणि डबल ई अशा अक्षरांत असायची. आता बाउअरने फिट १, २, ३ असे अरुंद ते रुंद तीन साचे केले आहेत. सीसीएम या दुसऱ्या कंपनीत टेपर्ड (निमुळता), रेग्युलर आणि वाइड असतात. साचा बदलला की नुसता चवडा बदलत नाही, टाच आणि खोलीही बदलते. म्हणून मी आधी टाच पकडणारा साचा शोधते आणि चवड्याची जागा नंतर करते. बूट त्या एका ठिकाणी गरम करून यंत्राने बाहेरच्या बाजूला फुगवता येतो. अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढलेल्या एका काकांना आम्ही असंच करून दिलं. विचारा, चांगल्या दुकानात नाही म्हणत नाहीत. पाऊल दोन्ही टोकांनी अवघड असेल तर ट्रू नावाच्या कंपनीचे बूट घालून बघा. ते गरम केल्यावर पावलाभोवती फार चांगले बसतात, फक्त महाग आहेत.

मधल्या आणि वरच्या किमतीचे बहुतेक स्केट ओव्हनमध्ये ‘बेक’ करतात. सुमारे ८० अंश सेल्सियसला काही मिनिटं, मग मऊ झालेला बूट पायात घालून लेस बांधायची आणि दहा-पंधरा मिनिटं गुडघे वाकवून खुर्चीवर बसून राहायचं. उभं राहायचं नाही, चालायचं नाही. लेस वर न ओढता बाहेरच्या बाजूला ओढायची, नाहीतर मऊ बुटातून भोकांच्या कड्या निघून येतात. त्यानंतर एक दिवस बर्फावर जायचं नाही. घरच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग कृपा करून करू नका; प्रत्येक मॉडेलचं तापमान आणि वेळ वेगळी असते, आणि अगदी स्वस्तातले बूट बेक करायचे नसतातच. बेक केल्याने चुकीचं माप बरोबर होत नाही हेही सांगून ठेवते. लांबी वाढत नाही, फक्त आकार बसतो.

काही जण मोठ्या खेळाडूंचे दाखले देतात. बॉबी ऑर मोजे न घालता स्केट घालायचा, पॉल कॉफी पायाच्या मापापेक्षा बरेच लहान घालायचा, हे खरं आहे. दोघेही अजोड खेळाडू. पण नऊ वर्षांच्या पोराच्या वाढत्या हाडांवर तो प्रयोग करायचा नाही. लहान आवळा, असं मी कुठेच म्हणत नाहीये.

मग मुलांच्या वाढीचं काय? स्केटमधला सुखतळ बाहेर काढा आणि मुलाला त्यावर उभं करा. टाच मागच्या कडेला लावल्यावर पुढे करंगळीच्या जाडीइतकी जागा उरली तर मुलांपुरती तेवढी सूट पुरे, मोसम निघतो. हे अगदी छोट्यांसाठी विशेष उपयोगी, कारण त्यांना ‘दुखतंय का?’ विचारलं की रंग आवडलेल्या बुटाला ती कधीच हो म्हणत नाहीत. ‘अहो ताई, एक नंबर मोठेच द्या, दोन वर्षं निघतील,’ असं म्हणणाऱ्या बाबांना मी हा सुखतळच दाखवते. दोन वर्षं निघत नाहीत हो. पहिल्या वर्षी मूल शिकत नाही आणि दुसऱ्या वर्षी ते हॉकी सोडून देतं.

पैशांची काळजी मला पूर्ण समजते. मोठ्यांचे सगळ्यात वरचे स्केट हजार डॉलरच्या पुढे जातात. शिकणाऱ्या मुलाला त्यांची गरज नाहीच, उलट ते इतके कडक असतात की हलक्या वजनाच्या मुलाला त्यात घोटा पुढे वाकवताच येत नाही. साधा, मध्यम कडक, बरोबर बसणारा बूट घ्या. आणि मुलांसाठी जुने स्केट बिनधास्त घ्या, कारण मुलांचे पाय बूट झिजायच्या आधी वाढतात. सप्टेंबरपासून इथे वापरलेल्या सामानाच्या दुकानांत ढीग लागतात. ऑक्टोबरच्या मध्यानंतर छोटे नंबर मिळेनासे होतात. मोठ्यांनी मात्र जुने घेताना विचार करावा, कारण तो बूट दुसऱ्याच्या पावलावर बसलेला असतो.

जुनी जोडी हातात घेतली की घोट्याजवळ दाबून बघा, बूट कागदासारखा दुमडत असेल तर ठेवून द्या. ब्लेड धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या होल्डरला तडे आहेत का, तळाचे रिव्हेट हलतात का, आणि ब्लेडचं स्टील अजून किती उरलंय ते बघा. दर धारेला ते थोडं झिजतं. नवे स्केट घेतलेत तर ते बहुधा बिनधारेचे येतात, तसेच रिंकवर नेऊ नका. पहिली धार दुकानातच लावून घ्या. धार लावताना ब्लेडच्या तळाला लांबीभर गोलसर पोकळी पाडतात; तिच्या गोलाईची त्रिज्या किती ठेवू विचारलं तर सुरुवातीला अर्धा इंच सांगा आणि दोन-तीन वेळा खेळून मग बदल करा. घरी आलं की ब्लेड फडक्याने कोरडी करा, सुखतळ काढून वाळत ठेवा, आणि चालताना घालायची प्लास्टिकची कव्हरं पिशवीत ब्लेडवर चढवून ठेवू नका, आत ओल राहून गंज चढतो.