महिन्याच्या पगाराला शंभराने गुणू नका

जर्मनीत ३,१०० युरो पगार म्हणजे तीन लाख दहा हजार रुपये. दादरला गाडी बदलेपर्यंत हा हिशोब तोंडी होतो. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून बदलापूर, अंबरनाथ, वसईकडच्या आयटीआय झालेल्या मुलांच्या घरी तो रोज होतो. त्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट, आणि मुंबई-स्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी शहरं. गुणाकार बरोबर असतो, पण गुणायला घेतलेला आकडाच चुकीचा असतो. दोन देशांच्या पगाराची तुलना करायची तर हातात पडणारे पैसे घ्यायचे आणि त्यासाठी खरोखर दिलेल्या तासांनी भागायचं.

एक इलेक्ट्रिशियन घेऊ. राहायला बदलापूर, काम अंधेरीत, एकूण पगार २८,०००, त्यात बेसिक आणि डीए मिळून १४,०००. पीएफ १२ टक्के म्हणजे १,६८०, व्यवसाय कर २००. हातात २६,१२०. ऑफर लेटरवर मात्र सीटीसी, म्हणजे मालकाला पडणारा एकूण खर्च, तीस हजारांच्या वर दिसेल, कारण मालकाचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे बेसिकवरचे ४.८१ टक्के त्यातच मोजलेले असतात. तुलनेत सीटीसी धरायचा नाही. आता तास. आठवड्याला ४८ तास, सहा दिवस, वर्षाचे ३१२ दिवस. दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे ८ किरकोळ रजा, ८ सणांच्या सुट्ट्या आणि दर २० दिवसांमागे एक अर्जित रजा, म्हणजे साधारण १५. उरले २८१ दिवस, २,२४८ तास. तासाला १३९ रुपये.

तोच माणूस स्टुटगार्टला तासाला १८ युरोवर लागला असं धरू. हा दर उदाहरणासाठी आहे. २०२६ मध्ये तिथलं कायद्याने ठरलेलं किमान वेतन १३.९० युरो आहे. ४० तासांचा आठवडा म्हणजे महिन्याला १७३.३३ तास, एकूण ३,१२० युरो. आपल्याकडची माणसं इथेच फसतात: करारावरचा आकडा ‘ब्रूट्टो’ असतो, बँकेत येतो तो ‘नेट्टो’. पगारपत्रकावर वजावटीच्या चार ओळी असतात. पेन्शन ९.३ टक्के, बेकारी विमा १.३, आरोग्य विमा साडेआठच्या आसपास, आणि तेवीस वर्षांवरच्या निपुत्रिकाला शुश्रूषा विमा २.४. बेरीज जवळपास २२ टक्के, म्हणजे ६८० युरो. त्यावर प्राप्तिकर. एकट्या माणसाचा करवर्ग, म्हणजे कर कापण्याची श्रेणी, १; त्यात सव्वातीनशे युरोच्या आसपास जातात. हातात २,१००.

बायको बरोबर असेल आणि तिची तिथे कमाई नसेल, तर करवर्ग ३ मागता येतो आणि दर महिन्याची कर-कपात बरीच खाली येते. बायको बदलापूरलाच राहिली तर करवर्ग १. ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये लोक लग्न झालंय म्हणून ३ टाकतात आणि पहिल्या पगाराला धक्का बसतो.

तिथले तास: वर्षाला २६० कामाचे दिवस. पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान २० दिवस भरपगारी रजा; आपल्या उदाहरणात करारात २८ आहेत असं धरू. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये सार्वजनिक सुट्ट्या १२, त्यातल्या शनिवार-रविवारी येणाऱ्या सोडून १० धरा. उरले २२२ दिवस, १,७७६ तास. तासाला १४.२० युरो.

आता प्रवास. बदलापूर ते अंधेरी, दादरला गाडी बदलून, दारापासून दारापर्यंत दोन्ही वेळचे मिळून कमीत कमी तीन तास धरा, तेही गाड्या वेळेवर असतील तर. वर्षाला ८४३ तास. ते मिळवले की १३९ चा दर १०१ रुपयांवर येतो. स्टुटगार्टला दिवसाला एक तास धरला तर १४.२० चे १२.६० युरो होतात. युरो हिशोबापुरता १०० रुपये धरा. महिन्याच्या हातातल्या पगारात फरक आठपट दिसत होता; दिलेल्या तासाला तो साडेबारापट निघतो. म्हणजे साधा गुणाकार मुंबईच्या माणसाला खोटी आशा देतो असं नाही. त्याचा इथला तास किती स्वस्तात जातो, हे त्यात दिसतच नाही. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

मग तिथे खर्चही युरोत होतो त्याचं काय? जागतिक बँकेची क्रयशक्ती समता, म्हणजे कुठल्या देशात किती पैशांत तेवढाच माल येतो याची तुलना, इथे फार कामाची नाही, कारण ती अख्ख्या देशाची सरासरी असते. त्यापेक्षा एखाद्या वस्तूसाठी किती मिनिटं राबावं लागतं ते मोजा, प्रवास न धरता. दूध मुंबईत लिटरला ६० रुपये धरलं तर २६ मिनिटं. तिथे एक युरोच्या आसपास, म्हणजे चार-साडेचार मिनिटं. केस कापणं इथे १२० रुपये, ५२ मिनिटं. तिथे २८ युरो, जवळजवळ दोन तास. वस्तू तिथे स्वस्त, माणसाचा हात महाग. जो स्वतःचा हात विकतो, त्याला हा सौदा मोठा फायद्याचा. जो इथे दुसऱ्यांचे हात विकत घेऊन घर चालवतो, म्हणजे धुण्याभांड्याची बाई, पोळ्यांची बाई, ड्रायव्हर, इस्त्रीवाला, त्याला तिथे गेल्यावर ते सगळे तास स्वतः भरावे लागतात. पवईच्या २५ लाखवाल्या इंजिनिअरला ६५,००० युरोची ऑफर आली तर हातातल्या पैशांचा फरक दुपटीच्या आसपासच राहतो, आणि घरकामाचे तास त्यातूनच वजा होतात. वायरमन, वेल्डर, नर्स यांचं गणित आणि त्याचं गणित एका फळ्यावर मांडू नये.

घरभाड्यात मोठी चूक होते. जाहिरातीतली ‘काल्टमीटं’ म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. हीटिंग, पाणी, कचरा धरून होते ती ‘वार्ममीटं’. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा त्याहूनही वेगळं. ७०० ची काल्ट बघता बघता ८५० ची वार्म होते. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन काल्टमीटं, म्हणजे २,१०० युरो, बरोबर एका महिन्याचा हातातला पगार. ते तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे, मागून घ्यावा. पुढे वाहतुकीचा मासिक पास ६३ युरो, घरामागे प्रसारण शुल्क १८.३६ (टीव्ही नसला तरी), किराणा २८०, फोन-इंटरनेट ४०, वीज ४०. सगळं मिळून तेराशेच्या आत. उरले ८००. बदलापूरचं घर पूर्वीसारखंच चालवायचं तर २६० युरो इकडे पाठवायचे. दोन चुली पेटवूनही साधारण ५४० युरो शिल्लक राहतात, पण पहिल्या वर्षी डिपॉझिट, फर्निचर आणि थंडीचे कपडे त्यातले बरेच खातात. घरी लगेच मोठा हप्ता बांधून घेऊ नये.

ओव्हरटाइमबद्दल मात्र कागदावर आपला कायदा वरचढ आहे. आपल्याकडे दुप्पट दर. जर्मन कायद्यात जादा तासाला वाढीव दर सक्तीचा नाही, तो सामूहिक करारात किंवा वैयक्तिक करारात असेल तरच मिळतो. पण दुप्पट कशाची, ते बघा. कारखाने कायदा, १९४८ च्या कलम ५९ मध्ये बेसिकबरोबर भत्तेही धरायचे होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांत घरभाडे, वाहतूक असे भत्ते वेतनातून वगळले जातात. ते एकूण रकमेच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा. आपल्या माणसाचे १४,००० ला २६ ने आणि ८ ने भागा: तासाला ६७.३०. दुप्पट १३४.६०. आणि २८,००० भागिले २०८ (२६ गुणिले ८)? तेही १३४.६०. निम्म्या पायावरची दुप्पट म्हणजे पूर्ण पगाराची एकपट. पगाराची स्लिप हातात घेऊन हा भागाकार प्रत्येकाने एकदा करावाच. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ओव्हरटाइमची मर्यादा तिमाहीला १४४ तासांवर नेण्यास मंजुरी दिली, म्हणजे महिन्याला ४८. म्हणून हा भागाकार आता जास्तच महत्त्वाचा.

जर्मनीत दिवसाला ८ तास, सहा महिन्यांची सरासरी आठवर राहणार असेल तर १० पर्यंत, आणि दोन पाळ्यांमध्ये ११ तासांची सलग विश्रांती. करारात ‘जादा तास पगारातच धरले आहेत’ असं मोघम वाक्य असेल तर सही करण्याआधी किती तास ते लिहून मागा. मर्यादा न सांगणारं असं कलम तिथल्या कामगार न्यायालयांनी अवैध ठरवलेलं आहे.

शेवटी आजारपण, जे तक्त्यात कुणीच धरत नाही. तिथे नोकरीला चार आठवडे झाले की सहा आठवड्यांपर्यंत मालक पूर्ण पगार देतो, पुढे आरोग्य विम्यातून भत्ता. इथे ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत, आजारपणाला पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवस, पण पगाराची मर्यादा महिना २१,००० ची. आपला २८,००० वाला त्याच्या बाहेर. रजा संपल्या की डेंग्यूच्या प्रत्येक दिवसाला २८,००० भागिले २६, म्हणजे १,०७७ रुपये कापले जातात.