हॉर्न वाजला, पण न दाबता!

जुन्या मोटरसायकलचे हँडलवरचे स्विच आज एकदाचे बसवले. मूळ प्लॅस्टिक हातातच भुगा झालं होतं, म्हणून ॲल्युमिनियमच्या तुकड्यातून नवी बॉडी घरीच घडवली. हँडलचा पाइप २२ मिलिमीटरचा, मी भोकही बरोबर २२चंच पाडलं. वरच्या रंगाचा थर कोण धरणार? मग तासभर कानस.

खरी मेख वायरिंगमध्ये. हे इवलेसे स्विच दिसायला देखणे, पण पेलतात जेमतेम एखादा अँपिअर. १२ व्होल्टवर ५५ वॅटचा बल्ब साडेचारच्या वर ओढतो! म्हणून मध्ये रिले टाकला, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. स्विच फक्त त्याची कॉइल चालवतो, बल्बचा भार रिले उचलतो.

सगळं जोडलं, खूश होऊन हँडल डावीकडे पूर्ण वळवलं आणि हॉर्न आपोआप बोंबलायला लागला. माझ्या गाडीत हॉर्नचं बटण अर्थिंग देतं, म्हणजे हॉर्नची वायर गाडीच्या धातूला टेकली की तो वाजतो. वायर आत जाते त्या पाइपमधल्या भोकाची धार मी घासलीच नव्हती. तिने वायरचं आवरण कापलं, तांबं पाइपला टेकलं. शेजारी बाल्कनीत आले, मी फ्यूज शोधत होतो.

आता भोकात रबरी ग्रोमेट आहे, धार झाकणारी कडी. इंजिन बंद करायचा किल स्विच राहिलाय. त्याचं बटण लालच हवं, यावर मी ठाम आहे.