तुम्ही विचारलंत म्हणून: समोर पाणी असूनही मी ‘थांबा’ का म्हणते

प्रश्न ठरलेला असतो: पाण्याकाठच्या नव्या इमारतीत रेस्टॉरंटसाठी गाळा भाड्याने घ्यावा का? तळमजल्यावर गाळे, वर ऑफिसं, त्याच्या वर फ्लॅट, समोर फरसबंद काठ आणि पाणी. रेस्टॉरंटसाठी गाळा राखून ठेवलाय, डेव्हलपर रोज फोन करतोय, आणि भाडेकरार माझ्याकडे तपासायला दिला की मी म्हणते, थांबा. “का हो, एवढी सुंदर जागा आहे!” जागा सुंदर आहे, मान्य. पाण्याकडची टेबलं आधी भरतात हेही मान्य. पण ज्याचं जादा भाडं तुम्ही मोजणार, त्या पाण्याच्या दृश्याचा उल्लेख करारात शोधून बघा. बहुतेक मसुद्यांत तो नसतोच. उद्या समोर किऑस्क, मंच किंवा बोटीच्या तिकिटांची खिडकी उभी राहणार नाही, असं कलम नकाशासकट जोडून मिळत नसेल, तर दृश्य तुमच्या हक्कात आलंच नाही. करारातून खरोखर हाती येतं ते तीन गोष्टींत: धूर जायचा रस्ता, सांडपाण्याचा उतार आणि भाडं सुरू व्हायची तारीख.

धुराबद्दल मी हट्टी आहे, कारण अशा इमारतीत हॉटेल तिथेच अडकतं. साधं गणित करू. स्वयंपाकघरात भिंतीलगत १२ फुटांचं हूड (चुलीवरचं धूर ओढणारं छत) आहे, खाली जड काम: ग्रिल, मोठ्या कढया. दर फुटाला ४०० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) धरले तर ४,८०० सीएफएम हवा ओढायची. डक्टमध्ये, म्हणजे धूर नेणाऱ्या पत्र्याच्या नळीत, वेग मिनिटाला १,५०० फूट ठेवायचा तर ३.२ चौरस फूट छेद लागतो, म्हणजे साधारण २० बाय २४ इंच. त्याभोवती अग्निरोधक आवरण, सांधे जोडायला हात जाईल एवढी फट. हा डक्ट गच्चीपर्यंत नेणारा उभा पोकळ मार्ग, म्हणजे शाफ्ट, तीन बाय तीन फुटांचा हवा. आता डेव्हलपरच्या ड्रॉइंगमध्ये बघा: ‘किचन एक्झॉस्ट’ असं लिहिलेला चौकोन दीड फूट बाय दीड फूट असतो. दोन्ही बाजूंनी तीन-तीन इंच आवरण वजा केलं की आत उरतो एक चौरस फूट. तेवढ्यातून ४,८०० सीएफएम न्यायचे म्हणजे मिनिटाला ४,८०० फूट वेग. तेवढा दाब देणारा पंखा आणला तरी शाफ्टला लागून असलेल्या बेडरूममध्ये रात्री अकरा वाजता घरघर ऐकू येणार.

हे दाखवलं की मालकाचा माणूस म्हणतो, मग धूर बाजूनेच सोडा, ईएसपी (विजेच्या भाराने कण ओढून घेणारं यंत्र) लावा. इथून पुढची घसरण पाठ झाली आहे. ईएसपी तेलाचे आणि धुराचे कण पकडतो. वास पकडत नाही. वासासाठी कार्बन फिल्टर लागतो, आणि आधीच्या टप्प्याने तेल नीट पकडलं नाही तर तो कार्बन बघता बघता चिकट होऊन निकामी होतो. दिवसा वारा पाण्याकडून जमिनीकडे येतो, म्हणजे काठाकडे सोडलेली फोडणी सरळ वरच्या बाल्कन्यांत. पहिली तक्रार रहिवाशांच्या सोसायटीची येते. करारात ‘इतर रहिवाशांना उपद्रव होता कामा नये’ हे कलम असतंच. त्याच्या आधारे ग्रिल बंद करायला सांगतात, मग संध्याकाळी तळण बंद. भाडं मात्र पूर्ण चालू. कारण उपद्रवाच्या कलमात स्वयंपाक थांबल्यास भाडं थांबेल, असं कोणी लिहिलेलं नसतं.

म्हणून शाफ्ट फक्त तुमच्या वापराचा, मापासह आणि मार्गासह परिशिष्टात. पंखा गच्चीवरच, म्हणजे इमारतीच्या आतला डक्ट ओढीखाली राहतो आणि सांधा सैल झाला तरी धूर बाहेर न येता हवा आत जाते. पंख्याची वीज कुठून, हेही लिहून. आणि सगळे विसरतात ती गोष्ट: डक्टमधलं तेल खरवडायला जागोजागी झाकणं लागतात, आणि ती वरच्या मजल्यांवर, फ्लॅटच्या कॉरिडॉरमध्ये उघडतात. तिथे जाण्याचा हक्क करारात नसेल तर वॉचमन सफाईवाल्यांना लिफ्टपाशीच अडवतो. डक्टमध्ये साचलेलं तेल पेटतं, तेव्हा तो हक्क कुणाकडे होता हे शोधायला वेळ नसतो.

सांडपाण्याचं दुखणं पाण्याकाठीच जास्त. खाली पार्किंगचं तळघर, ते पाण्याच्या पातळीच्याही खाली; सांडपाण्याच्या नळीला फुटाला पाव इंच उतार द्यायचा तर जायचं कुठे? मग पंपाची विहीर येते, म्हणजे सांडपाणी साठवून पंपाने वर चढवायचा खड्डा. ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातलं तेल वेगळं करणारी टाकी, पंपाच्या आधी हवा, नंतर नाही. पंपाने पाणी घुसळलं की तेल त्यात मिसळतं आणि ट्रॅपमध्ये वेगळं होत नाही. तेल आणि गाळ यांचे थर मिळून ट्रॅपमधल्या पाण्याच्या खोलीच्या चौथ्या हिश्शाएवढे झाले की तो उपसायचा, म्हणजे टँकरची नळी तिथवर पोहोचली पाहिजे. तळघराची उंची तपासा. पंप बंद पडला तर दुरुस्ती कोणाची, तेही.

बाहेरच्या बैठकीचं थोडक्यात: काठ बहुधा मालकाचा नसतो, बंदर प्राधिकरणाचा किंवा पालिकेचा असतो. परवाना रद्द झाला तर त्या टेबलांच्या प्रमाणात भाडं उतरलं पाहिजे. आणि उंच इमारतीवर आदळलेला वारा खाली उतरतो. चित्रात दाखवलेल्या छत्र्या त्यात टिकत नाहीत. खाऱ्या हवेत एसीच्या बाहेरच्या युनिटला गंजरोधक लेप असलेली कॉइल घ्या, उघड्यावरचं स्टेनलेस स्टील ३०४ प्रतीचं नको, ३१६ प्रतीचं; ते खाऱ्या हवेत कमी गंजतं.

आता तारीख. भाडं ‘ताबा दिल्यापासून’ नको. मालकाची कामं संपणं, पूर्ण विजेचा भार मिळणं, शाफ्ट गच्चीपर्यंत मोकळा असणं आणि काठ लोकांसाठी उघडणं, यातलं शेवटचं जे असेल त्यानंतर फर्निचर-फिटिंगचे महिने, आणि मग भाडं. गाळे आधी देतात, टॉवर मागाहून उठतात. मधली वर्षं तुमच्या काचेपुढे पत्रे आणि क्रेन असतात. मालकाला कर्ज देणाऱ्या बँकेकडूनही पत्र घ्या की मालक बदलला तरी तुमचा करार टिकेल. अमेरिकेतल्या बाल्टिमोरचं हार्बरप्लेस हे पाण्याकाठचं दुकानं-हॉटेलांचं संकुल १९८० साली मोठ्या गाजावाजात उघडलं आणि २०१९ मध्ये कोर्टाने त्यावर रिसीव्हर, म्हणजे मालकाऐवजी कारभार पाहणारा, नेमला. पाणी जागेवरच होतं.

राहता राहिला टक्केवारीच्या भाड्याचा, म्हणजे किमान भाड्याशिवाय विक्रीतला वाटा मालकाला देण्याचा प्रश्न, ज्यावर माझं माझ्याशीच जमत नाही. पूर्वी मी ठाम सांगायचे, मालकाला विक्रीत वाटा देऊ नका, हिशोबाच्या वह्या दाखवाव्या लागतात. आज वाटतं, जिथे पावसाळ्यात किंवा थंडीत काठ ओस पडतो, तिथे किमान भाडं खाली आणून वाटा दिलेला बरा. निदान काठ रिकामा राहिला तर मालकालाही झळ लागते. मग पुन्हा जुनं म्हणणं डोकं वर काढतं: किमान भाडं खाली येतच नाही, टक्का तेवढा वर चिकटतो. किमान भाडं १०० आणि टक्का ८ असेल तर विक्री १,२५० च्या वर गेल्यावरच वाटा लागला पाहिजे. मसुद्यात मात्र पहिल्या रुपयापासून लिहिलेला असतो, शिवाय विक्रीत कर, टिप आणि घरपोच ऑर्डरींचं कमिशनही धरलेलं. ते तीनही वगळून मिळाले तर मी टक्क्याच्या बाजूने झुकते. घरपोच ऑर्डर पाण्यामुळे येत नाही, तिच्यावर पाण्याचा वाटा का द्यायचा, यावर मालकांकडून मला अजून पटणारं उत्तर मिळालेलं नाही.