आमची वाटचाल: रस्त्याआधीची हवा, रस्त्याखालची माती

रस्ता बांधण्याआधी किंवा रुंद करण्याआधी तिथली हवा आणि माती तपासून देणं हा आमचा व्यवसाय. सुरुवातीला आमच्याकडे फक्त हवेची कामं यायची. सल्लागार नकाशावर ठिपके देई, आम्ही तिथे सॅम्पलर (हवा ओढून धूळ फिल्टरवर धरणारं यंत्र) लावून फिल्टर प्रयोगशाळेत पोचवायचो. मातीसाठी अहवालात एकच तक्ता असे: सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश. शेतकऱ्याला तो उपयोगी पडतो, पण रस्त्याच्या कडेला शिसं साचलंय की डिझेल मुरलंय, हे त्यातून कळत नाही. आमचा व्यवसाय वाढला तो या उणिवेभोवती. आता ठिपके आम्हीच ठरवतो.

हवेचे राष्ट्रीय निकष 2009 सालचे. 24 तासांच्या सरासरीत पीएम 10 (10 मायक्रॉनपर्यंतचे धूलिकण) शंभरच्या आत आणि पीएम 2.5 (2.5 मायक्रॉनपर्यंतचे) साठच्या आत, मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. आकडे सोपे, मोजणी अवघड. पीएम 2.5 चा सॅम्पलर मिनिटाला 16.7 लिटर हवा ओढतो, म्हणजे दिवसाला साधारण 24 घनमीटर. हवा बरोबर मर्यादेवर असेल तर फिल्टरवर जेमतेम 1.4 मिलिग्रॅम धूळ बसते. वजनात 0.1 मिलिग्रॅमचा फरक पडला की उत्तर चार मायक्रोग्रॅमने हलतं. म्हणून फिल्टर वापराआधी आणि नंतर 24 तास एकाच तापमान-आर्द्रतेत ठेवायचे, आणि तराजू मायक्रोग्रॅमपर्यंत वाचणारा हवा. दमट हवेत घाईने केलेलं वजन टाकून द्यावं.

जागा निवडताना जिल्हा परिषद शाळेची किंवा ग्रामपंचायतीची गच्ची बरी पडते. उंची 3 ते 10 मीटरमध्ये बसते, वीज मिळते, राखण होते. मात्र शेजारी पिठाची गिरणी, वीटभट्टी किंवा पेटता उकिरडा नको. वीज गेली की जनरेटर लागतो. तो वाऱ्याच्या खालच्या अंगाला, लांब ठेवावा, नाहीतर आपलाच धूर आपण मोजतो. सॅम्पलरमधला हवेचा प्रवाह सुरुवातीला आणि शेवटी नोंदवायचा. दहा टक्क्यांहून जास्त घसरला असेल तर तो नमुना आम्ही बाद धरतो. ऊसपट्ट्यात गळीत हंगाम चालू असताना घेतलेली बेसलाइन (काम सुरू होण्याआधीची मोजणी) आणि कारखाने बंद झाल्यावरची बेसलाइन एकाच गावाची वाटत नाही. अहवालात हंगाम, पाचट जाळणं, जवळचं खडी क्रशर चालू होतं की बंद, हे लिहिलं नाही तर पुढे कॅलाइनसारख्या, रस्त्यावरच्या वाहनांचा धूर कसा पसरेल याचा अंदाज देणाऱ्या मॉडेलमध्ये घातलेला पार्श्वभूमीचा आकडाच खोटा ठरतो. पावसाळ्यातली बेसलाइन आम्ही घेत नाही.

मातीचं काम फावड्याने सुरू होत नाही, ते तलाठी कार्यालयातून होतं. सातबारा आणि फेरफारात अकृषिक वापर कुठे झाला ते पाहायचं. उपग्रहाची जुनी चित्रं चाळायची. मग गावातल्या जाणत्यांना विचारायचं: इथे पूर्वी पेट्रोल पंप होता का, गॅरेज, भंगाराचं दुकान, ट्रान्सफॉर्मर दुरुस्ती, डांबराचा हॉट मिक्स प्लांट? एवढ्यावर निम्मे ठिपके पक्के होतात.

रुंदीकरणात शिशाकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. देशात शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झालं, पण त्याआधी धुरातून पडलेलं शिसं वरच्या काही सेंटिमीटर मातीतच चिकटून राहतं. नेमकी तीच माती खरवडून दुभाजकातल्या झाडांना घालतात, किंवा शेतकरी घेऊन जातो. आम्ही डांबराच्या कडेपासून 2, 5, 10 आणि 25 मीटरवर, 0 ते 5 आणि 15 ते 30 सेंटिमीटर खोलीचे नमुने वेगवेगळे घेतो. वरून 30 सेंटिमीटरचा एकच गोळा केला तर वरचा थर खालच्या स्वच्छ मातीत विरून जातो.

मिसळलेल्या नमुन्याचाही तोच धोका. पाचपैकी एका जागी किलोला 1000 मिलिग्रॅम आणि चार जागी 50 असेल तर मिश्रण 240 दाखवतं आणि मुख्य जागा निसटते. पेट्रोल-डिझेलसाठी तर मिसळणं वर्ज्यच, कारण हाताळताना बाष्प उडून जातं. काचेची बाटली काठोकाठ भरायची, टेफ्लॉनचं झाकण, बर्फाची पेटी, 4 अंश. ऑगर (माती काढायचं गिरमिट) स्टेनलेस स्टीलचा. जस्ताचा मुलामा असेल तर जस्ताचा आकडा आपल्याच अवजाराचा येतो. काळी माती पात्याला चिकटते, म्हणून प्रत्येक भोकानंतर धुणं आलंच.

दख्खनच्या बेसाल्टमधून झालेल्या मातीत क्रोमियम, निकेल, तांबं, व्हॅनेडियम मुळातच जास्त असतं. परदेशी मर्यादांचा तक्ता लावला की चांगलं शेतही दूषित ठरतं. रस्त्यापासून लांब, त्याच जातीच्या मातीचे पार्श्वभूमी नमुने घेतल्याशिवाय आम्ही मत देत नाही. क्रोमियम जास्त आलं तर षटसंयुजी क्रोमियम, म्हणजे त्याचं विषारी रूप, वेगळं तपासतो. खडकातलं बहुतेक त्रिसंयुजी असतं आणि त्याची भीती कमी.

जुन्या पंपाच्या टाकीखाली मुरूम आणि भेगाळ खडक असतो. इंधन मातीत न थांबता भेगांतून सरकतं. वरची माती स्वच्छ, आणि उताराकडच्या विहिरीला वास, असं होतं. म्हणून विहिरीच्या पाण्याची तपासणी आमच्या दरपत्रकात वेगळी ओळ आहे.

हे सगळं डीपीआरच्या (सविस्तर प्रकल्प अहवालाच्या) टप्प्यावर व्हावं, असा आमचा आग्रह असतो. घातक कचरा ठरलेली माती 2016 च्या नियमांनुसार मॅनिफेस्टसह (वाहतुकीच्या नोंदपत्रासह) तळोजा किंवा रांजणगावसारख्या अधिकृत ठिकाणी न्यावी लागते. भरावात खपत नाही. त्या घनमीटरची ओळ निविदेत आधीपासून नसेल तर ठेकेदाराचा दावा येतो आणि काम अडतं.